ऐकला शिक्रा, दिसला भृंगराज

मागच्या अंकात दयाळाच्या गाण्यावर लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की तुमच्या घराजवळ कुठला पक्षी दुसऱ्या पक्ष्याचा आवाज काढताना ऐकलात तर कळवा. इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲपवर इतके ऑडिओ आले की सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. ऑडिओ मात्र सगळे हेडफोन लावून पूर्ण ऐकले, काही दोन-तीनदा ऐकले, कारण पाठवणाऱ्याने पहाटे उठून गच्चीत उभं राहून रेकॉर्ड केलेलं असतं, त्याचं मोल आहे. नावं कोणाचीच छापत नाही, फक्त राहायचं ठिकाण.

प्रश्न (बोरिवली): ताई, मी दर रविवारी नॅशनल पार्कमध्ये फिरायला जातो. गेल्या महिन्यात मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज ओळखायचं ॲप चालू करून एका झाडाखाली दहा मिनिटं उभा राहिलो तर त्याने शिक्रा, सर्पगरुड, शिंपी आणि हळद्या असे चार पक्षी दाखवले. वर बघतो तर चौघांपैकी एकही नाही, एकच काळा कोतवालासारखा पक्षी बसलाय, शेपटीला दोन लांब दोऱ्या. ॲप बिघडलंय का?

उत्तर: ॲप बिघडलेलं नाही दादा. शेपटीला दोन दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला पानासारखी पिसं असतील तर तो भृंगराज, कोतवालाच्याच घराण्यातला पण अंगाने मोठा, आणि ते चारही आवाज त्या एकट्याचे. तो उडतो तेव्हा लांबून असं वाटतं की दोन भुंगे त्याच्या पाठीस लागलेत. ॲप फक्त आवाजाची आकृती बघतं आणि त्याच्याकडे साठवलेल्या आवाजांशी जुळवतं, तो आवाज कोणाच्या गळ्यातून आलाय हे त्याला दिसत नाही. म्हणजे भृंगराजाची नक्कल इतकी चांगली झाली की मशीनही फसलं, असं समजा.

मीही फसलेय. जानेवारीतली गोष्ट, नॅशनल पार्कातल्याच शिलोंड्याच्या वाटेवर सकाळी साडेसातच्या सुमारास. आधी शिक्र्याची, म्हणजे त्या छोट्या शिकारी पक्ष्याची, ती दोन सुरांची हाक आली आणि बाजूच्या झुडपातले बुलबुल एकदम गप्प झाले, मीपण मान वर करून आभाळात शिक्रा शोधत उभी. अर्ध्या मिनिटाने त्याच बाजूने सर्पगरुडाची लांब ओढलेली शीळ आली, पण अगदी बारीक, गरुड पलीकडच्या टेकडीवर असावा तशी. तिथे मनात आलं की आवाज लांबचा वाटतोय पण येतोय तर डोक्यावरून, हे कसं. मग दुर्बीण ऐनाच्या एका सुक्या फांदीवर लावली आणि साहेब तिथे बसलेले. प्रत्येक सुराला गळ्याची पिसं उठत होती, कपाळावरचा झुबका मागे वळलेला, आणि आवाज थांबला तरी शेपटीची ती दोन टोकं बराच वेळ झुलत होती. मग शिंप्याचं टुवीट टुवीट टुवीट, मग मध्येच त्याचा स्वतःचा घंटेवर काहीतरी आपटल्यासारखा खणखणीत सूर, परत शिक्रा. पंधरा मिनिटं हे चाललं होतं आणि मी जागची हलले नाही.

ओळखायचं कसं असं बऱ्याच जणांनी विचारलंय, तर त्यातलं मला जे उपयोगी पडतं ते सांगते. खरा शिक्रा शिक्र्यासारखंच बोलत राहतो, तो मध्येच शिंपी होत नाही. एकाच फांदीवरून मिनिटाभरात तीन-चार जणांचे आवाज आले, त्यात प्रत्येकाचा तुकडाच आला, पूर्ण गाणं नाही, आणि सगळे जरा दबक्या आवाजात आले की नकल्या समजायचा. शिवाय शिक्रा खरंच आलेला असेल तर खारी ओरडून ओरडून जंगल डोक्यावर घेतात, आणि थोड्या वेळात तो उडताना दिसतोच.

आता तो हे करतो कशासाठी. जंगलात हिवाळ्यात बघितलं असेल की दहा-दहा मिनिटं एकही पक्षी नाही आणि मग एकदम सगळे एकत्र येतात, नाचण, सुभग, रामगंगा, सुतार, सातभाई, सगळी वरात पुढे सरकते आणि परत सामसूम. याला पक्षीवाले मिक्स्ड फ्लॉक म्हणतात आणि भृंगराज बहुतेक वेळा त्यात असतोच. बाकीचे पानं-सालं उकरतात, त्यातून उडालेले किडे हा हवेत झेलतो. म्हणजे त्याला सोबत हवी असते. श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलात याच्याच घराण्यातल्या कोतवालावर काम झालंय, 2006 च्या सुमारास ते प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की वातावरण शांत असताना हा थव्यातल्या साथीदारांचे आवाज काढतो, आणि घाबरण्यासारखं काही असलं की शिकारी पक्ष्यांचे किंवा इतरांचे धोक्याच्या वेळचे आवाज काढतो, सरमिसळ करत नाही. आणि रेकॉर्डिंग वाजवून बघितलं तर नक्कल असलेल्या आवाजाकडे बाकीचे पक्षी जास्त ओढले गेले. मला हे वाचल्यापासून त्याच्याकडे नुसता नकलाकार म्हणून बघताच येत नाही, तो सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत हाका मारून गोळा करतो.

प्रश्न (अंधेरी): मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांनी विचारलं की नक्कल करून पक्ष्याला मिळतं काय? मी म्हटलं शत्रूला घाबरवायला करत असेल. बरोबर आहे का?

उत्तर: बाई, तुमचं उत्तर अर्धं बरोबर आहे, कारण प्रत्येक पक्ष्याचं कारण वेगळं. भृंगराजाचं वर सांगितलंच. मुलांना आवडेल अशी गोष्ट आफ्रिकेतली आहे, कालाहारी वाळवंटात आपल्या कोतवालाचा एक भाऊबंद राहतो, दुभंगलेल्या शेपटीचा. तो मीरकॅट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांच्या आणि तिथल्या सातभाईंच्या आसपास फिरतो. ससाणा दिसला की ओरडून सगळ्यांना सावध करतो, खरंखुरं, त्यामुळे त्याच्यावर त्यांचा विश्वास बसतो. आणि मग एखाद्या मीरकॅटला चांगली लठ्ठ अळी मिळाली की हा खोटाच अलार्म देतो, ते बिचारे बिळात पळतात आणि अळी हा उचलतो. काही वेळाने लक्षात येतं की हा खोटं बोलतोय, तेव्हा तो आवाज बदलतो, मीरकॅटच्याच अलार्मची नक्कल करतो, नाहीतर दुसऱ्या कुठल्या पक्ष्याची. 2014 मध्ये सायन्स या मासिकात याचा अभ्यास आला, त्यात 64 कोतवालांकडून 51 वेगवेगळे अलार्म ऐकले होते आणि त्यांच्या रोजच्या खाण्याचा साधारण चौथा हिस्सा असा चोरीचा होता.

एवढं लांब जायची गरज नाही खरं तर. आपला साधा काळा कोतवाल, विजेच्या तारेवर बसणारा, म्हशीच्या पाठीवर बसणारा, तोही शिक्र्याचा आवाज काढून साळुंक्यांना उडवतो आणि त्यांनी टाकलेला किडा पळवतो अशा नोंदी आहेत. आरेच्या तबेल्यांजवळ मुलांना घेऊन जा, कोतवाल आणि साळुंक्या दोन्ही एकत्र हमखास दिसतात. तासभर बसायची तयारी ठेवा, कारण लगेच काही घडत नाही.

पण बऱ्याच पक्ष्यांमध्ये यात फसवणूक वगैरे काही नसते. नर गातो तो मादीला ऐकवायला आणि शेजारच्या नराला हा माझा इलाका आहे हे सांगायला, आणि त्या गाण्यात जितका माल जास्त तितकं बरं, मग माल कुठून आणणार तर आजूबाजूला जे ऐकू येतं त्यातूनच. युरोपात एक छोटासा मातकट वटवट्या आहे, दलदलीच्या कडेने राहणारा. त्याच्यावर बेल्जियममध्ये काम झालं आणि 1979 मध्ये छापून आलं, एकेक नर सरासरी 76 जातींच्या आवाजांची नक्कल करतो आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जाती आफ्रिकेतल्या, कारण तो हिवाळ्यात तिकडे असतो. पिल्लं मोठी होईपर्यंत बापाने गाणं बंद केलेलं असतं, त्यामुळे बापाकडून शिकायला फारसं मिळत नाही, पहिल्या वर्षी प्रवासात आणि आफ्रिकेत जे कानावर पडेल ते उचलायचं. म्हणजे बेल्जियमच्या शेतात बसून जाणकार माणूस त्याचं गाणं ऐकतो आणि सांगू शकतो की हा पठ्ठ्या आफ्रिकेत साधारण कुठे राहून आलाय. वर्गात जगाचा नकाशा लावून ही गोष्ट सांगा बाई, मुलं विसरणार नाहीत.

प्रश्न (भांडुप): पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर बाभळीतून कुत्र्याच्या पिल्लाचा केविलवाणा आवाज येत होता. अर्धा तास शोधलं, पिल्लू कुठेच नाही. एक पक्षी तेवढा उडाला, करड्या डोक्याचा, डोळ्यावर काळी पट्टी, लांब शेपटी. तो असेल का?

उत्तर: तोच. त्याचं मराठी नावच नकल्या खाटीक. पाठीचा मागचा भाग तांबूस असणार, परत दिसला तर बघा. टिटवी, पावशासारखे कोकीळ कुळातले पक्षी, खार आणि कुत्र्याची पिल्लं, या सगळ्यांच्या नकला त्याच्या नावावर जुन्या पक्षीतज्ज्ञांनी नोंदवून ठेवल्यात. खाटीक अशासाठी की टोळ, सरडे पकडून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. एरवी आवाज कर्कश, पण एकटा बसून हळू आवाजात गायला लागला की त्यात सगळं गाव ऐकू येतं. तुम्ही पिल्लू शोधायला अर्धा तास दिलात हे वाचून खूप बरं वाटलं.

प्रश्न (दादर): माझ्या लहानपणी आजोबांकडे डोंगरी मैना होती. दारावर कोणी आलं की "कोण आहे" म्हणायची, अगदी आजीच्या आवाजात. आता नातवाला तशी मैना आणून द्यावी असं मनात आहे. कुठे मिळेल, आणि तिला दुसऱ्या पक्ष्यांचे आवाजही शिकवता येतील का?

उत्तर: काका, आजीचा आवाज त्या मैनेच्या तोंडून ऐकलेला तुम्ही अजून विसरला नाहीत हे समजतं मला, पण मैना आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडचे रानपक्षी पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, यात डोंगरी मैना आली आणि आपला नेहमीचा हिरवा पोपटही आला. कोणी विकताना दिसला तर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा.

आणि दुसरी गोष्ट, जी मला कायद्यापेक्षा जास्त लागते. डोंगरी मैना जंगलात दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल करतच नाही. इतकी हुशार नकलाकार, माणसाचं बोलणं हुबेहूब उचलणारी, आणि रानात मात्र फक्त आपल्या जातीच्या शेजाऱ्यांचे आवाज शिकते, नर नरांकडून आणि मादी माद्यांकडून. त्यामुळे प्रत्येक भागातल्या मैनांची बोली वेगळी, जरा लांब गेलं की बदलते, आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात तसंच. मग पिंजऱ्यातली मैना माणसासारखं का बोलते, तर पिल्लू असताना घरट्यातून काढलेली असते, शिकायचं वय असतं, आजूबाजूला मैना कोणी नसते, जे शेजारी असतात ते माणसं. ती आजीचा आवाज काढायची कारण तिला तेवढंच ऐकायला मिळत होतं. हे कळल्यापासून बोलणारी मैना बघितली की मला पोटात कालवतं.

नातवाला राणीच्या बागेत नाहीतर माहीमच्या निसर्ग उद्यानात न्या, सकाळी लवकर, आणि आजीच्या मैनेची ही गोष्ट तिथे बसून सांगा.

प्रश्न (चेंबूर): मी आठवीत आहे. माणसाला दुसऱ्याचा आवाज काढायला एवढी प्रॅक्टिस लागते, मग एवढ्याशा पक्ष्याला कसं जमतं? त्याचा गळा वेगळा असतो का?

उत्तर: अरे खूप छान प्रश्न, आणि हो, गळा वेगळाच असतो. आपलं आवाजाचं यंत्र, म्हणजे स्वरयंत्र, श्वासनळीच्या वरच्या टोकाला असतं, गळ्यावर हात ठेवून "आ" कर, थरथर तिथे जाणवेल. पक्ष्यांचं असतं खाली, छातीत, जिथे श्वासनळीचे दोन फाटे होऊन एकेक फुप्फुसाकडे जातो तिथे. त्याला सिरिंक्स म्हणतात. दोन फाटे म्हणजे आवाज करायच्या जागाही दोन, आणि गाणाऱ्या पक्ष्यांना त्या दोन्ही वेगवेगळ्या चालवता येतात. एका बाजूने जाड सूर, दुसऱ्या बाजूने बारीक, किंवा एकाने सुरू केलेला सूर दुसऱ्याने पुढे न्यायचा. तबलजीचा डग्ग्यावरचा हात वेगळा आणि तबल्यावरचा वेगळा चालतो ना, तसं समज, फक्त हे सगळं एका छातीच्या आत. अमेरिकेत मॉकिंगबर्ड नावाचा पक्षी आहे, तो दुसऱ्या पक्ष्याची वर चढत जाणारी शीळ कॉपी करताना खालचे सूर एका बाजूने आणि वरचे दुसऱ्या बाजूने काढतो, ज्याची कॉपी करतोय तो जसं करतो अगदी तसंच, हे तपासून बघितलेलं आहे.

पण नुसत्या गळ्यावर भागत नाही, ऐकून शिकता आलं पाहिजे. कोंबडीला कोणी ओरडायला शिकवत नाही, तिला येतंच. पक्ष्यांमध्ये ऐकून शिकणारे तीनच मोठे गट, गाणारे पक्षी, पोपट आणि हमिंगबर्ड. गाणारे पक्षी म्हणजे आपले दयाळ, बुलबुल, शिंपी, कोतवाल, आणि कावळासुद्धा बरं का, तो त्याच गटातला. पिल्लू आधी नुसतं ऐकतं, मग बाळासारखं बडबडतं, काहीही अर्थ न लागणारं, आणि मग ऐकलेलं आणि स्वतः काढलेलं जुळेपर्यंत घासत राहतं. म्हणजे प्रॅक्टिस त्यालाही चुकलेली नाही. पावसाळ्याच्या शेवटी एखादा दयाळ अडखळत, अर्धवट, हळू आवाजात काहीतरी गुणगुणताना ऐकलास तर तो कदाचित रियाज करणारा छोटा असेल, त्याला डिस्टर्ब करू नकोस.

प्रश्न (परळ): समोरच्या बिल्डिंगच्या डिश अँटेनावर एक दयाळ रात्री तीनला सुरू होतो. गाणं सुंदर आहे पण झोप मोडते. त्यात बुलबुल आणि शिंपी यांचे आवाजही ऐकू येतात. रात्री का गातो?

उत्तर: दयाळाचा नर फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळ्यापर्यंत जोरात असतो, आणि तो एरवीही फटफटायच्या आधी उठणारा गडी. नक्कल त्याच्यात असतेच, शेजाऱ्यांचे तुकडे स्वतःच्या शिळेत गुंफतो, तुमचा कान अगदी बरोबर आहे. रात्रीचं म्हणाल तर शहरात रस्त्यावरचे दिवे रात्रभर जळतात आणि दिवसा गोंगाट इतका की गाणं पोचतच नाही. इंग्लंडमध्ये शेफील्ड शहरात तिथल्या रॉबिनवर 2007 मध्ये अभ्यास आला, ज्या जागी दिवसा आवाज जास्त तिथे रॉबिन रात्री गाताना सापडले. परळला दिवसभर ब्रिजवरचे हॉर्न, बांधकामं, मग त्या दयाळाला तीन वाजताच मोकळी हवा मिळते. सोसायटीचा गच्चीवरचा फ्लडलाइट रात्री बंद ठेवता आला तर बघा, त्यालाही आणि तुम्हालाही बरं.

दयाळाचा एक भाऊ आहे, शामा, लांब शेपटी, पोट नारिंगी, दाट जंगलातला, तोही मोठा नकलाकार. पक्ष्याच्या गाण्याचं सगळ्यात जुनं ठाऊक असलेलं रेकॉर्डिंग याच शामाचं, 1889 मध्ये जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या लहान मुलाने मेणाच्या सिलिंडरवर केलेलं, घरात पाळलेल्या पक्ष्याचं. तुम्ही तीन वाजता मोबाइलवर रेकॉर्ड केलंत, ते ऐकताना मला तेच आठवत होतं.

प्रश्न (गिरगाव): कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, मग ते काव काव का करत नाही?

उत्तर: कारण कोकीळ गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातला नाही, त्याला गाणं शिकावं लागत नाही, जन्मतःच येतं. कावळा अंडी उबवतो, भरवतो, मोठं करतो, आणि तरी मोठा झालेला नर कुहूच करतो. शिकूनच गाणाऱ्या पक्ष्याला असं वाढवलं असतं तर सगळा घोळ झाला असता. आणि हो, कुहू करतो तो काळा नर, ठिपक्यांची मादी नुसती किक किक किक ओरडते.

प्रश्न (मुलुंड): आमचा ग्रुप ब्लूटूथ स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज लावतो, पक्षी लगेच समोर येतात, फोटो छान मिळतात. पक्षीच एकमेकांचे आवाज काढून फसवतात तर आपण केलं तर बिघडलं कुठे?

उत्तर: बिघडतं, आणि मी हे जरा स्पष्टच लिहिते. भृंगराज नक्कल करतो ती जगण्यासाठी आणि त्याची किंमतही मोजतो, ओरडत बसला की शिक्र्याला तोही दिसतो. स्पीकरला काही होत नाही. नराला स्वतःच्या इलाक्यात दुसऱ्या नराचा आवाज आला की तो सगळं सोडून भांडायला येतो, किडे पकडणं सोडतो, मादी घरट्यावरून उठते, अंडी उघडी पडतात, कावळा तेवढ्यावरच टपलेला असतो. आणि भांडायला समोर कोणी सापडतच नाही, म्हणून तो शोधत राहतो. वीणीच्या दिवसांत एका झाडाखाली पाच ग्रुपनी पाच वेळा हे केलं तर त्या पक्ष्याचा दिवस संपला. मी नवीन होते तेव्हा एकदा नवरंगासाठी आमच्यातल्या एकाने असंच लावलं होतं, तो पक्षी वीस मिनिटं झुडपातून इकडून तिकडे धावत होता, फोटो आला, आणि मला घरी आल्यावर तो फोटो बघवेना.

त्यापेक्षा बांडगुळाला फुलं आलेलं एखादं झाड हेरा आणि त्याखाली गप्प बसा. हिरवागार हरेवा मध प्यायला येतोच, पानात पान झाल्यासारखा, दिसत नाही, पण कोतवाल, बुलबुल, शिंपी, शिक्रा अशा सगळ्यांचे आवाज एका फांदीतून यायला लागले की समजा आलाय. मग नजर फुलांवर ठेवायची, आवाजावर नाही. फोटो उशिरा मिळेल, पण मिळेल.

प्रश्न (गोरेगाव): आमच्या सोसायटीच्या कुंपणाच्या मेंदीत ऑक्टोबरपासून एक पक्षी सारखा चक्... चक्... करतो, जीभ टाळूला लावून काढल्यासारखा. दिसतो तेव्हा नुसता मातकट, काही खूण नाही. हा पण कोणाची नक्कल करतोय का?

उत्तर: सध्या नाही. तो बोरू वटवट्या, हिवाळी पाहुणा, मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक बागेत असतो आणि कोणी ढुंकून बघत नाही कारण बघण्यासारखं अंगावर काही नाही. मेंदीच्या आत खालच्या फांद्यांवर किडे शोधतो आणि तेवढं चक् करत राहतो. फिनलंडपासून रशिया, सैबेरियापर्यंत त्याचं माहेर, तिथून एवढासा जीव तुमच्या गोरेगावच्या कुंपणापर्यंत येतो.

आता हाच पक्षी मे-जूनमध्ये तिकडे पोचला की रात्र रात्र गातो, सावकाश, एकेक तुकडा पाच-सहा वेळा घोळवत, आणि त्या गाण्यात दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला भरलेल्या असतात. तिथले लोक मुद्दाम रात्री जाऊन ऐकतात. इथे सहा-सात महिने आपल्याला फक्त चक् मिळतं. पण परत जायच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये, कधी कधी हळू आवाजात सुरुवात करतो. तुमचं कुंपण खिडकीपासून हातभर अंतरावर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीत बसून ऐकू येईल. माळीदादांना सांगा मार्चपर्यंत मेंदी फार छाटू नका. आणि एखाद्या सकाळी त्या मेंदीतून चक् सोडून दुसरं काही आलं, तुमच्याच बुलबुलाचा किंवा शिंप्याचा एखादा तुकडा ओळखू आला, तर लगेच मोबाइल चालू करा आणि तारीख-वेळ लिहून मला पाठवा, मी वाट बघतेय.